कौशल्य, उत्पादकता, रोजगार : एका साखळीची तपासणी

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज मी ज्या मजकुराची समीक्षा करणार आहे तो कविता-कादंबरीचा नाही, तो एक अहवाल आहे. अहवालाची कसली समीक्षा, असं कुणाला वाटेल. पण आपल्याकडे कविता फार तर काही हजार लोक वाचतात, आणि अहवाल कुणीच न वाचता त्यावर कोट्यवधी पोरांची दोन-दोन वर्षं ठरतात. तेव्हा तोही नीट वाचला पाहिजे.

हा अहवाल २००८ सालचा. आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेच्या ९७व्या अधिवेशनात, जिनिव्हामध्ये, त्यावर चर्चा झाली. विषय होता : उत्पादकता सुधारण्यासाठी, रोजगार वाढण्यासाठी आणि विकासासाठी कौशल्यं. सरकारं, मालकांच्या संघटना आणि कामगार संघटना, तिघं एकत्र बसले आणि त्यांनी निष्कर्ष काढले. त्यांचा गाभा असा : काही देश दुष्टचक्रात अडकलेले असतात. कौशल्य कमी, म्हणून उत्पादकता कमी, म्हणून मजुरी कमी, म्हणून शिकायला पैसा नाही, म्हणून पुन्हा कौशल्य कमी. हे चक्र उलटं फिरवता येतं. लोकांना शिकवा, उत्पादकता वाढेल, धंदा वाढेल, चांगलं काम मिळेल आणि त्यातून पुढच्या शिक्षणाची सोय होईल.

ऐकायला छान आहे, आणि खोटंही नाही. शिवाय तेच निष्कर्ष पुढे म्हणतात की नुसतं शिक्षण आणि कौशल्य पुरत नाही. कामगारांचे हक्क, आर्थिक धोरण, पायाभूत सोयी, संघटनांशी संवाद हे सगळं जोडीला लागतं. हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते या वाक्याच्या गळतीमुळे झालं, असं माझं म्हणणं आहे.

लगेच पुढच्या वर्षी, २००९ साली, भारताचं राष्ट्रीय कौशल्य विकास धोरण आलं. उद्दिष्ट काय, तर २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना कुशल करायचं. आता जरा हिशेब करा. तेरा वर्षांत ५० कोटी म्हणजे वर्षाला जवळपास पावणेचार कोटी. त्या वेळी देशात काम करणारे आणि काम शोधणारे मिळूनच माणसं जवळपास तेवढी होती! म्हणजे शेतात, दुकानात, कचेरीत असलेल्या झाडून साऱ्यांना पुन्हा वर्गात बसवायचं. पुढे आकडा खाली आला, पण सवय लागली ती लागलीच. कौशल्य ही मोजून वाटायची वस्तू झाली.

या साखळीला तीन कड्या आहेत. प्रशिक्षणातून कौशल्य, कौशल्यातून उत्पादकता, उत्पादकतेतून रोजगार. एकेक ओढून बघू.

पहिली कडी : प्रशिक्षण म्हणजे कौशल्य का?

आपल्याकडे कारागीर प्रशिक्षण योजना १९५० सालची. आयटीआय त्यातूनच उभ्या राहिल्या. फिटर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. कानसपासून सुरुवात. चौकोनी तुकडा काटकोनात घासून आणायचा, व्हर्नियर लावायचा, चुकला की पुन्हा. पहिले काही महिने पोरं वैतागतात. पण हाताला काटकोन कळणं, ही गोष्ट दुसऱ्या कुठल्याही मार्गाने येत नाही.

याच्या शेजारी २०१५ साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. तिचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम तेव्हा साधारण दीडशे ते तीनशे तासांचे होते. तीनशे तास म्हणजे किती? रोज आठ तास धरले तर चाळीस दिवससुद्धा नाहीत. चाळीस दिवसांत माणूस काही शिकतच नाही असं मी म्हणत नाही. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलणं, बिलिंग, शिलाईची एखादी क्रिया येईल. पण ज्याला आपण कारागिरी म्हणतो, ती येत नाही. जर्मनीत कारखान्यातल्या यंत्रांचा मेकॅनिक तयार व्हायला साडेतीन वर्षं लागतात, आणि त्यातला बराचसा वेळ पोरगा खऱ्या कारखान्यात, खऱ्या मशीनवर असतो.

दुसरी गंमत बघा. या योजनेच्या एकूण आकड्यांत आधीपासून काम येणाऱ्यांना प्रमाणपत्र देण्याचा भागही आहे. पंधरा वर्षं गवंडीकाम करणाऱ्या माणसाला थोडी ओळख, एक परीक्षा आणि कागद. त्या गवंड्याचा मान म्हणून ही चांगली गोष्ट आहे, कागदाने त्याचा पगार वाढत असेल तर फारच चांगली. पण त्याला ‘प्रशिक्षित झालेल्यांत’ मोजलं की कौशल्य वाढलं असं दिसतं, प्रत्यक्षात वाढला असतो फक्त कागद.

आणि नोकरीचं काय? सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरांवरून दिसतं की पहिल्या तीन टप्प्यांत अल्पमुदतीचं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेल्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना काम लागलं. मग चौथ्या टप्प्यात काय केलं? नोकरी लागली का, याचा माग ठेवणं योजनेपासून वेगळं केलं. उमेदवार आपला मार्ग आपण निवडतील, असं त्याचं समर्थन. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर कपाटात ठेवण्यातला हा प्रकार झाला.

शारदा प्रसाद समितीने २०१६ सालीच हे दुखणं दाखवलं होतं. आकड्यांमागे धावणं, अल्पमुदतीचे वर्ग, आणि उद्योगांच्या नावाने बनलेल्या क्षेत्रीय कौशल्य परिषदांमधले हितसंबंध, या सगळ्यावर समितीने कडक शब्दांत बोट ठेवलं. ती सरकारनेच नेमलेली समिती होती, हे विसरू नका.

दुसरी कडी : कौशल्य म्हणजे उत्पादकता का?

इथे मी तुम्हाला तारापूरला नेतो. आपल्या पालघर जिल्ह्यातलं तारापूर आणि पलीकडे गुजरातेतलं उंबरगाव. तिथल्या कापड गिरण्यांत निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. सतरा कंपन्या घेतल्या. चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले आणि काही गिरण्यांना व्यवस्थापनाचे सल्लागार कित्येक महिने दिले.

तिथे त्यांना काय दिसलं? सुताचे ढीग, कुठला लॉट कुठे याची नोंद नाही. जमिनीवर तेल सांडलेलं. माग बंद पडल्यावर दुरुस्ती, बंद पडू नये म्हणून देखभाल नाही. कापडात दोष कुठून येतो याची वही नाही. गिरणी घरची, त्यामुळे वर भाऊ किंवा मुलगा, बाहेरच्या माणसावर विश्वास नाही. सल्लागारांनी साधे नियम लावले : नोंद ठेवा, मशीन पुसा, दोष रोज तपासा, साठा मोजा. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

आता मला सांगा, इथे कौशल्य कुणाचं कमी होतं? मागावरच्या कामगाराचं की वरच्या शेठजींचं? आपल्या कौशल्याच्या चर्चेत अकुशल हा शब्द कायम खालच्या माणसाला चिकटतो. उत्पादकता कमी का, तर कामगाराला येत नाही म्हणून. वर बसलेल्याला येत नसेल ही शक्यता धोरणात क्वचितच येते. उत्तम फिटर घेतलात आणि त्याला झिजलेलं लेथ, चुकीचं ड्रॉइंग आणि वेळेवर न येणारा माल दिलात, तर त्याचं कौशल्य पाट्या टाकण्यातच जाणार.

या प्रयोगाचा पुढचा भाग आपल्या विषयाच्या बाजूने आहे, तोही सांगतो. ज्या गिरण्या सुधारल्या त्यांनी पुढच्या तीन वर्षांत नवीन युनिटं काढायला सुरुवात केली. म्हणजे उत्पादकतेतून धंदा वाढतो हे खरंच आहे. २००८चा अहवाल तिथे चुकलेला नाही. फक्त ती वाढ मालकाच्या शिकण्यातून आली.

तिसरी कडी : उत्पादकता म्हणजे रोजगार का, आणि कुणाचा?

बंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि अनंत न्यशाधम यांनी अभ्यास केला. शिवणयंत्रावर बसणाऱ्या बायकांना ऐंशीएक तासांचं प्रशिक्षण दिलं. तेही शिलाईचं नव्हे, तर बोलणं, वेळेचं नियोजन, अडचण सोडवणं, पैशाचा हिशेब असल्या गोष्टींचं. त्या बायकांची उत्पादकता चांगलीच वाढली. कारखान्याला खर्चाच्या कितीतरी पट फायदा झाला. आणि बायकांचा पगार? त्यात जवळजवळ काहीच फरक पडला नाही.

हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘कौशल्य वाढलं की उत्पन्न वाढतं’ या वाक्यात एक गृहीतक लपलंय. ते असं की वाढलेल्या उत्पादनातला वाटा आपोआप कामगाराकडे येतो. तो आपोआप येत नाही. दुसरा मालक जास्त पगार देऊन ओढून न्यायला तयार असेल, किंवा मागायला संघटना असेल, तर येतो. दोन्ही नसेल तर वाढ होते, पण ती दुसऱ्याच्या खिशात होते. अहवालाने कामगारांचे हक्क जोडीला ठेवले होते ते यासाठी. आपण अहवालातून कौशल्य उचललं आणि हक्क तिथेच ठेवून आलो.

पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात कुणाचे नातेवाईक कामाला असतील तर त्यांना ‘नीम ट्रेनी’ हा शब्द माहीत असेल. २०१३ साली ही योजना सुरू झाली. नाव रोजगारक्षमता वाढवण्याचं. पोरगा कागदावर शिकाऊ, म्हणून पीएफ नाही, ईएसआय नाही, कायम होण्याचा प्रश्न नाही. आणि काम मात्र लाइनवर, कायम कामगाराच्या शेजारी, त्याच पाळीत. मुदत संपली की नमस्कार, पुढची बॅच. पुढे ही योजना गुंडाळावी लागली. शिकवण्याच्या नावाने स्वस्त मजूर मिळत असेल तर मालक शिकवेल कशाला?

मग कुठे जमलं?

मी नुसता खोडे काढायला आलो नाही. जमलेली उदाहरणं आहेत, आणि ती का जमली हे समजून घेणं जास्त उपयोगाचं आहे.

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ सालच्या पुस्तकात एक पेच मांडला. मालकाने कामगाराला असं कौशल्य शिकवलं की जे कुठेही चालतं, तर तो शिकून दुसरीकडे जाईल. मग मालक पैसे का घालेल? तो घालणार नाही. फार तर फक्त स्वतःच्या कारखान्यात लागणारं शिकवेल. आपले छोटे कारखानदार अगदी हेच म्हणतात : “आम्ही तयार करायचं आणि मोठ्या कंपनीने न्यायचं.” तक्रार खरी आहे.

जर्मनीने हा पेच कसा सोडवला? १९६९च्या कायद्याखाली सुमारे सव्वातीनशे व्यवसायांचे अभ्यासक्रम देशभर एकसारखे आहेत. ते मालक आणि कामगार संघटना मिळून ठरवतात. आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, बाकी कारखाना. परीक्षा चेंबर घेतं, कारखाना स्वतः घेत नाही. शिकाऊला मिळणारा भत्ता बहुतेक ठिकाणी सामूहिक कराराने ठरतो. आजूबाजूचे सगळेच शिकवतात, त्यामुळे एकाने शिकवायचं आणि दुसऱ्याने पळवायचं हे प्रमाण कमी राहतं. आपण जर्मनीला शिष्टमंडळं पाठवतो, ती वर्कशॉपचे फोटो काढून आणतात. वर्कशॉपमागचा करार मात्र फोटोत येत नाही.

युगांडातला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. काही तरुणांना संस्थेत सहा महिने शिकवलं, काहींना थेट छोट्या धंद्यांत शिकाऊ म्हणून ठेवलं. सुरुवातीला दोघांनाही फायदा झाला. पण धंद्यात शिकलेल्यांचा फायदा पुढे ओसरत गेला आणि संस्थेत शिकलेल्यांचा टिकला. कारण काय? संस्थेचं प्रमाणपत्र दुसरा मालक ओळखत होता. काम सुटलं तरी दुसरं मिळायचं. म्हणजे कागदाला किंमत आहे, पण त्या कागदामागे खरं शिक्षण असेल तरच.

कोलंबियात वर्गातलं शिक्षण आणि कंपनीतला अनुभव जोडलेला कार्यक्रम झाला. त्याचा फायदा मुलींना जास्त दिसला. आपल्याच दिल्लीच्या वस्त्यांत बायकांना सहा महिने शिवणकाम शिकवल्यावर काम मिळण्याचं प्रमाण वाढलं. पण पूर्ण करू न शकलेल्या बायकांच्या अडचणी काय होत्या? केंद्राचं अंतर आणि लहान मुलं. तिथे पाळणाघर हाच कौशल्य विकास होता!

आणि एक थंड पाण्याचा हंडा. डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ साली विकसनशील देशांतले असे प्रयोग एकत्र तपासले. प्रशिक्षण दिलेल्या शंभर जणांमागे, एरवी ज्यांना काम लागलं नसतं असे साधारण दोनच जण कामाला लागतात, असं त्यांना आढळलं. बाकीच्यांना काम लागलं तरी ते तसंही लागलं असतं. म्हणून नुसतं ‘इतक्या जणांना नोकरी लागली’ या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. न शिकलेल्यांपेक्षा किती जास्त, हा खरा प्रश्न.

आपला खास प्रश्न

आता थोडं आपल्या घरचं बोलतो. हंटर आयोगापुढे १८८२ साली जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शाळेत मोडी, बाळबोध, हिशेब यांच्या जोडीला शेतीचं प्राथमिक ज्ञानही मागितलं. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची कल्पना मांडली. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे शाळेतली मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती हाताने करून शिकतात.

हे तिन्ही वेगवेगळे विचार. पण तिघांच्याही समोर एकच भिंत होती. हाताने काम करणारा खालचा, डोक्याने करणारा वरचा. आपल्याकडे ही भिंत जातीने बांधलेली आहे. म्हणून ‘व्यावसायिक शिक्षण’ म्हटलं की सुखवस्तू घरात त्याचा अर्थ होतो : दुसऱ्यांच्या मुलांनी घ्यायचं शिक्षण. आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हातकामातच अडकवलं, ते म्हणतात : आता कुठे आमचा पोरगा पदवीपर्यंत पोचतोय, आणि तुम्ही त्याच्या हातात पुन्हा कानस देता? या आक्षेपाला उत्तर दिल्याशिवाय कौशल्याची गोष्ट करणं अप्रामाणिकपणाचं आहे.

या आक्षेपाला संशोधनाचाही आधार आहे. हनुशेक आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली अनेक देशांची माहिती तपासून दाखवलं की व्यावसायिक शिक्षण घेतलेल्यांना सुरुवातीला नोकरी लवकर मिळते, पण वय वाढलं, तंत्रज्ञान बदललं की ते मागे पडतात. साधं शिक्षण असलेले टिकून राहतात. म्हणून अरुंद शिक्षण नको. गणित, भाषा, ड्रॉइंग वाचणं हे पक्कं हवं आणि वरची दारं उघडी हवीत. आयटीआयचा मुलगा डिप्लोमाला, तिथून इंजिनिअरिंगला जाऊ शकला पाहिजे. आपल्याकडे वाट कागदावर आहे, पण ती रुंद करायला हवी.

थोडक्यात

२००८च्या अहवालावर माझा आक्षेप असा. त्याने सगळ्या अटी सांगितल्या, पण त्या एका ओळीत, यादीसारख्या सांगितल्या. कुठली अट नसली तर कुठली कडी तुटते, हे ठसवलं नाही. त्यामुळे प्रत्येक सरकारला सोपी अट उचलता आली. वर्ग भरवणं सोपं, करार करणं अवघड. २०२४च्या अर्थसंकल्पात एक हजार आयटीआय सुधारण्याची घोषणा झाली. चांगली गोष्ट आहे. फक्त मोजताना इमारती, मशीन आणि प्रवेश मोजू नका. दोन वर्षांनी तो मुलगा कुठे आहे, किती पगारावर आहे आणि शेजारच्या न शिकलेल्या मुलापेक्षा किती पुढे आहे, हे मोजा. आणि आकडा वाईट आला तरी छापा.



श्रोत्यांचा एक प्रश्न

प्रश्न : सर, माझा मुलगा दहावीला आहे. त्याला हाताने काम आवडतं. तुमचं ऐकून आयटीआयला घालू की नको, कळेना.

उत्तर : ताई, आवडत असेल तर जरूर घाला. पण प्रवेशाआधी दोघांनी जाऊन वर्कशॉप बघा. मशीन चालू आहेत की नुसती ठेवलीत, शिकवणारे निदेशक कायम आहेत का, मागच्या दोन बॅचमधली चार पोरं आज काय करतात, एवढं विचारा. चार महिन्यांत हमखास नोकरी सांगणाऱ्या जाहिरातीपेक्षा ती चार पोरं तुम्हाला खरं सांगतील. आणि गणित सोडू देऊ नका. सीएनसीवर बसणाऱ्याला कोन आणि दशांश रोज लागतात. पुढे डिप्लोमा करायचं ठरवलं, तर तिथेही तेच कामाला येईल.